खिडकीखालची हिरवी जागा

अख्ख्या घरात एकच जागा हिरवी निघाली, आणि त्या जागेवर मामाजी झोपले होते.

लोनबले सिस्टरने टॅबलेट ओट्यावर ठेवला तेव्हा उज्ज्वला चहा गाळत होती. पडद्यावर तिचंच घर होतं, पण कोणी वरचा स्लॅब उचलून आत डोकावावं तसं. पुढची खोली लाल. स्वयंपाकघर लालभडक. मधली खोली नारिंगी. मोरीजवळ थोडं पिवळं. आणि मागच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीखाली, सुपाएवढा एक हिरवा तुकडा.

"बाळाला पुरते एवढी जागा," सिस्टर म्हणाली. "नशीबवान आहात काकू. या गल्लीत मी सहा घरं मोजली. पाच घरांत हिरवं नावालाही नाही."

"तिथं आमचे मामाजी असतात न," उज्ज्वला म्हणाली. मामाजी म्हणजे तिचे सासरे, नीळकंठराव मोहुर्ले. चंद्रपुराकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात.

"मग खाट हलवावी लागेल जी. बाळाचं काय ते ठरवून मला उद्यापर्यंत कळवा."

"आणि ते? त्यांच्यासाठी कोणती जागा चांगली, ते सांगते का हे?"

सिस्टरने चहाचा कप हातात घेतला. बाई वाईट नव्हती. उन्हातान्हात स्कूटरवरून घरोघर हिंडून तिचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता. "मोठ्या माणसांचा नकाशा आम्ही काढत नाही काकू," ती म्हणाली. "टिकल्या फक्त बाळांसाठी आहेत."

टिकल्या म्हणजे रुपयाएवढ्या सोळा चकत्या. आठवड्यापूर्वी सिस्टरनेच त्या घरभर चिकटवल्या होत्या: भिंतींवर, फरशीवर, कपाटाच्या कडेला, मामाजींच्या खाटेच्या पायाला. दर मिनिटाला त्या हवेची गरमी मोजायच्या, ओलावा, धूळ, हवा हलते की साचते तेही. सात दिवसांचं मोजून झालं की बाळाच्या आकड्याशी ते ताडून पाहायचं आणि नकाशा रंगवायचा.

आता बाळाचा आकडा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. धडधाकट तान्हं मूल दूध पिऊन झोपतं आणि उठतच नाही, हे डॉक्टरांना कित्येक पिढ्या न सुटलेलं कोडं होतं. मग कळलं, की मेंदूच्या बुडाशी एक गजर असतो. झोपेत नाकाशी आपलाच उच्छ्वास साचला, अंग फार तापलं, की तो गजर वाजतो आणि आपण चुळबुळतो, मान फिरवतो, जागे होतो. काही बाळांचा हा गजर उकाड्यात स्वतःच झोपी जातो. किती अंशांना, ते टाचेतल्या रक्ताच्या एका थेंबावरून सांगता येऊ लागलं. त्या आकड्याला जागृतांक म्हणत. उज्ज्वलाच्या लेकीला, शर्वरीला, दिवस भरायच्या पाच आठवडे आधीच मुलगी झाली होती, आणि त्या मुलीचा जागृतांक होता तेहतीस. भोवतालची हवा तेहतीस अंशांच्या वर गेली आणि पोर झोपेत श्वास घ्यायला विसरली, तर तिला आतून उठवणारं कोणी नव्हतं.

चंद्रपुरात एप्रिलच्या दुपारी बाहेर सत्तेचाळीस असायचं. पूर्वी हे काही ठाऊक नव्हतं, तेव्हा माणसं देवावर हवाला ठेवून निजायची. आता ठाऊक झालं, आणि तेवढ्याने घर काही गार झालं नाही.

कूलर होता की. पण दुपारी बारा ते चार वीज बंद. चार-पाच उन्हाळ्यांपासून तसा नियमच झाला होता, नाहीतर सगळी तारच जळून जाते म्हणे. दवाखाने आणि निवारे सोडून सगळ्यांना तो लागू होता. उज्ज्वलाच्या स्वयंपाकघरातून वीजकेंद्राची धुराडी दिसत. तिचा नवरा दिलीप तिथेच कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होता. दिव्याखाली अंधार ही म्हण कोणी याच गल्लीत राहून केली असावी. निवारा म्हणजे शाळेच्या सभागृहात दुपारपुरती चालवलेली गार जागा. उज्ज्वला तिथे साडेअकरा ते साडेचार ताक आणि पाणी वाटायची. गरोदरपणात शर्वरीही तिच्यासोबत तिथेच जाऊन बसायची. पण पाचशे माणसांच्या त्या गर्दीत चाळीस दिवसांच्या आतलं मूल नेता येत नसे. दवाखान्याच्या शीतकक्षात बारा पाळणे होते, आणि नियम असा की ज्याच्या घरी हिरवी जागा आहे त्याने पाळणा अडवायचा नाही. चाळीस दिवस झाल्याशिवाय पुण्याला, जावयाकडे, एवढा प्रवास करायलाही डॉक्टर परवानगी देत नव्हते.

म्हणजे जायचं तर त्या सुपाएवढ्या जागेवरच.

"पण तिथंच हिरवं का बरं?" उज्ज्वलाने जाता जाता विचारलं.

सिस्टरने खिडकीतून मागे पाहिलं. "शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे न मागे. भिंत गार राहत असेल." मग तिने खोलीवर एक नजर फिरवली आणि बोटांवर मोजल्यासारखं सांगितलं. बाळ पाठीवर झोपवायचं. कडक, सपाट गादी. उशी नाही, गोधडी नाही, झोळी तर नाहीच. शेगडी आणि धुरी या खोलीत आणायची नाही. आईने शेजारच्या खाटेवर झोपायचं, बाळाला कुशीत घेऊन नाही. "आणि ही जागा आधी स्वच्छ करून घ्या. ओल नको, धूळ नको. ते खिडकीचं जुनं गवत काढून टाका, त्यातून किती कचरा पडतो पाहा."

उज्ज्वलाने मोहरीची उशी शिवून ठेवली होती, बाळाचं डोकं गोल यावं म्हणून. जुन्या सुती लुगड्याची झोळीही धुऊन ठेवली होती. दोन्ही तिने मुकाट्याने कपाटात टाकली. ती फार शिकलेली नव्हती, पण आडमुठी अजिबात नव्हती. जाणतं माणूस सांगतं ते ऐकावं, एवढी अक्कल आपल्याला आहे असं तिला वाटे. पुढे याच अकलेची तिला शिसारी आली.

मामाजींचं अंग उजव्या बाजूने गेलं होतं, त्याला तीन वर्षं झाली. वाचाही गेली. पण शुद्ध होती, आणि डावा हात ठणठणीत. खाटेच्या डाव्या अंगाला खिडकी, तिला वाळ्याची जुनी ताटी. ती त्यांनीच पहिल्या उन्हाळ्यात खुणा करकरून माळ्यावरून काढायला लावली होती. उशाशी माठ, बादली आणि पितळी तांब्या. दुपारी घरात ते एकटेच असत. लोक म्हणत, उज्ज्वला, तुझा सासरा सत्तेचाळीस डिग्रीत एकटा जगतो, जुनं हाड आहे. उज्ज्वलालाही तेच वाटे. एवढं मात्र होतं, की रोज संध्याकाळी तिला माठ रिकामा दिसायचा, बादली रिकामी दिसायची आणि खिडकीखालची फरशी ओली. 'हा माणूस पाणी पितो तरी किती!' असं म्हणत ती फरशी पुसायची. लकव्याच्या माणसाचा हात थरथरणार, पाणी सांडणार, त्यात नवल ते काय?

दुसऱ्या सकाळी दिलीप पाळीवर निघायच्या बेतात होता. तो जेवत असताना तिने मोबाईलवर आलेला नकाशा दाखवला. त्याने तो नीट पाहिला. हिरव्या तुकड्यावर त्याचं बोट थांबलं.

"हे बाबांच्या खाटेचं ठिकाण."

"होय न. काय करू?"

"मधल्या खोलीत काय आहे?"

"नारिंगी."

दिलीपने भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवून नुसताच धरून ठेवला. "मले काय विचारतं? त्यायचं सगळं तूच तर पाहतं. तूच ठरव."

"बाप तुमचा आहे."

"नातीन तुझी नाही का?" तो उठून हात धुवायला गेला. मोरीतून म्हणाला, "तू जे करशीन ते बरोबरच करशीन."

असा विश्वास टाकून हात झटकता येतात, हे तिला नवीन नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तरी त्या दिवशी तिला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

दवाखान्यात शर्वरी बाळाला छातीशी धरून बसली होती. तिने नकाशा मोबाईलवर आधीच पाहिला होता.

"आबाजींना कुठे ठेवशील?" तिने विचारलं.

"मधल्या खोलीत."

"तिथे दुपारी काय होतं, माहीत आहे न आई?"

"तू सांग मग. तू म्हणत असशील तर नाही हलवत."

लहानपणी शर्वरीला शाळेत सोडायला आबाजीच जायचे, सायकलच्या दांड्यावर बसवून. तिने बाळाच्या टाळूवर ओठ टेकले, आणि मग हळूच म्हणाली, "मला नको विचारू. मी आता चांगली राहिली नाही. मी हिचंच म्हणणार."

उज्ज्वलाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उत्तर तिला मिळालं होतं. घरी येताना ती स्वतःला समजावत राहिली, की मामाजींचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यांचं सगळं पाहून झालं, आणि नारिंगी म्हणजे काही लाल नाही. आपण स्वतःशी वकिली करतो आहोत हे तिला कळत होतं.

बुधवारी खाट हलवली. दिलीपने काखेत हात घालून बापाला उचललं, तसे मामाजींनी डाव्या हाताने खिडकीचा गज धरला. दिलीप एक एक बोट सोडवू लागला. "बाबा, सोडा न. नातीनीसाठी आहे. पणतीन येऊन राहिली तुमची." मामाजींनी गज सोडला, आणि त्याच हाताने तांब्या उचलून भरलेलं पाणी खिडकीवर फेकलं. निम्मं ताटीवर, निम्मं दिलीपच्या तोंडावर.

"बाबा!"

मामाजींनी पुन्हा माठाकडे हात नेला. घशातून आवाज काढत, ताटीकडे बोट दाखवत, पुन्हा माठाकडे. त्यांचे डोळे उज्ज्वलावर होते.

"जागा सोडवत नाही त्यांना," उज्ज्वला म्हणाली. "मामाजी, माफ करा मले. चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे." तिने त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि मधल्या खोलीत वरच्या फळीवर ठेवून दिला. रागाच्या भरात हे बाळाच्या अंगावर पाणी फेकतील, ही धास्ती होती. त्यांच्यासाठी तिने नळीचा प्लास्टिकचा पेला आणून ठेवला.

मग तिने जागा स्वच्छ केली. अगदी मनापासून. ताटी उतरवली, तीन वर्षांची धूळ आणि वाळ्याची मोडकी मुळं तिच्यातून भुरूभुरू गळत होती. ती फाटकाबाहेर ठेवली, आणि गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी घेऊन गेली. खिडकीतून लू, म्हणजे दुपारचा तापलेला वारा, येऊ नये म्हणून दिलीपने प्लायवूड ठोकलं. भिंतीला चुना दिला. फरशी जंतुनाशकाने पुसली. कोरड्या, पांढऱ्या, निर्मळ कोपऱ्यात बाळाचा पाळणा ठेवला, तेव्हा सिस्टर म्हणाली, "असं घर पाहिलं की बरं वाटतं काकू."

गुरुवारी बाळ घरी आलं. त्या दिवशी आणि शुक्रवारी आभाळ होतं. पारा एकदम सदतीसवर उतरला, आणि पाळण्याखालची पाटी, जी जागेवर लक्ष ठेवायला दवाखान्याने दिली होती, दोन्ही दुपारी हिरवी राहिली. उज्ज्वलाने निवाऱ्यातून सुट्टी घेतली होती. तिने बाळंतिणीला डिंकाचा लाडू दिला, बाळाला तेल लावलं. मामाजींच्या खोलीत जाऊन त्यांना म्हणाली, "पाहा, किती गोड झोपली आहे तुमची पणती." मामाजींनी तिच्या पदराचं टोक धरलं आणि वर फळीकडे पाहिलं. तिने पदर सोडवून घेतला.

शनिवारी आभाळ नव्हतं.

बारा वाजता पंखे थांबले. साडेबाराला पाटीवर चौतीस दिसले. पाटी पिवळी झाली. उज्ज्वला म्हणाली, टाकीची भिंत आहे, उतरेल. पावणेएकला पस्तीस. शर्वरीने बाळाचं झबलं काढलं, ओला रुमाल अंगावर फिरवला. उज्ज्वला सुपाने वारा घालू लागली, पण बंद खोलीतली तापलेली हवाच इकडची तिकडे होत होती. एकला पाटी लाल झाली आणि भुणभुणू लागली. त्या आवाजाचा अर्थ दोघींना शिकवलेला होता: बाळाला झोपू देऊ नका.

"तळपायाला टिचकी मार! मार न आई!"

उज्ज्वला टिचकी मारायची, बाळ तोंड वाकडं करायचं, आणि रडण्याआधीच पुन्हा बुडून जायचं. दर वेळी थोडं जास्त खोल. एकदा छाती हललीच नाही. शर्वरीने बाळाला उचलून गदागदा हलवलं. मग एक उचकी, आणि श्वास. उज्ज्वलाने सिस्टरला फोन लावला. बाळाला मधल्या खोलीत न्यावं तर तिथे चाळीस, अंगणात तर भट्टीच. घागरीतलं पाणी आणायला ती तीनदा मधल्या खोलीतून धावली. तिन्ही वेळा मामाजींच्या खाटेवरून. पहिल्यांदा त्यांचा डावा हात वर उठलेला होता, फळीच्या दिशेने. "आले मामाजी, आले," ती म्हणाली. दुसऱ्यांदा त्यांनी तिचं लुगडं पकडलं, आणि तिने ते हिसडून सोडवलं. तिसऱ्यांदा हात खाली लोंबत होता. चला, निजले, असं तिला वाटलं. खरंच तसं वाटलं. नंतर तिने हजारदा आठवून पाहिलं, आणि दर वेळी तेच आठवलं.

एक पस्तीसला दवाखान्याची गाडी आली. शर्वरी आणि बाळाबरोबर उज्ज्वलाही गाडीत चढली. दार नुसतं लोटून.

बाळ वाचलं. शीतकक्षातला पाळणा रिकामा करावा लागला, म्हणून घुग्घूसच्या एका बाईचं पिवळ्या नकाशाचं बाळ त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. त्या बाळाचं पुढे काय झालं ते उज्ज्वलाने विचारलं नाही, आणि तिला कोणी सांगितलंही नाही.

मामाजी दिलीपला सापडले, चार वाजता, पाळीवरून आल्यावर. नळीचा पेला भरलेलाच होता. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं.

दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी लोनबले सिस्टर आली. तिच्या ऑफिसने खुलासा मागितला होता. हिरवी म्हणून दिलेली जागा लाल झाली कशी? बाई घाबरलेली होती. नोकरीचा प्रश्न होता. तिने टॅबलेट पुढे केला. आता त्यावर रंग नव्हते, फक्त रेघा.

"हे आम्ही एरवी पाहत नाही काकू. आम्हाला नुसता रंग येतो. मी मुद्दाम मागवून घेतलं." तिने बोट ठेवलं. "हा खाटेच्या पायाच्या टिकलीवरचा ओलावा. सकाळी सपाट आहे. आणि बारा वाजले की हे पाहा."

बारापासून पुढे रेघेला कंगव्यासारखे दाते होते. एक उंच टोक, मग उतार, पुन्हा टोक. सगळे सारख्या अंतराने.

"दर अकरा मिनिटांनी," सिस्टर म्हणाली. "चार वाजेपर्यंत. सातही दिवस. एकदाही चुकलं नाही. आणि प्रत्येक टोकामागून गरमी खाली येते, एकतीसवर. बाहेर सत्तेचाळीस असताना! टाकीचा काही संबंध नाही काकू, भिंत तर तापलेलीच आहे. तुम्ही तिथं कोणतं यंत्र लावलं होतं का? मला खरं सांगा, मी नाव नाही घेणार."

उज्ज्वला त्या दात्यांकडे बघत राहिली. रिकामा माठ. रिकामी बादली. ओली फरशी.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा मामाजी तिला कौतुकाने सांगायचे, की शिपायाची नोकरी लागण्याआधी, सतरा-अठरा वर्षांचे असताना, ते उन्हाळाभर सरकारी विश्रामगृहात ताट्यांवर पाणी मारायच्या कामाला होते. कूलर तेव्हा साहेबांकडेही नव्हते. वाळ्याची ताटी, बाहेरून लू, आणि मधे पाणी मारणारा पोरगा. पाणी उडून जाताना हवेतली गरमी सोबत घेऊन जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण वेळ साधावी लागते. जास्त मारलं तर ताटी कुजते, उशीर झाला तर आत भट्टी होते. 'घड्याळ नव्हतं, पोरी, पण आपला हात घड्याळ होता,' असं म्हणून ते हसायचे. तिने ती गोष्ट दहादा ऐकली होती, आणि सुना ऐकतात तशीच ऐकली होती.

"यंत्र नव्हतं," ती म्हणाली. "मामाजी होते."

सिस्टरला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने टॅबलेट मांडीवर पालथा घातला. ताटी काढायला आपणच सांगितलं होतं, हे तिलाही आठवलं असणार. उज्ज्वलाने ते तिला बोलून दाखवलं नाही.

दिलीपला सांगायचं की नाही, यावर ती दिवसभर विचार करत होती. न सांगावं तर ओझं एकटीवर. सांगावं तर त्याच्या डोळ्यांसमोर ते बापाचं पाणी फेकणं जन्मभर राहणार. संध्याकाळी तिने सांगितलं. सगळं, एका दमात. तो पायातले बूट काढत होता. एक बूट हातातच राहिला.

"म्हणजे बाबा तिथंच राहिले असते," तो म्हणाला, "आणि पाळणा त्यायच्या खाटेला लागून ठेवला असता, तर?"

"दोघंही राहिले असते."

त्याने हातातला बूट खाली ठेवला. मग त्याने मान वर केली.

"मंग तू त्यायले हलवलं काहून?"

उज्ज्वलाच्या तोंडात उत्तर होतं. 'तूच ठरव' हे शब्द कोणाचे होते, तेवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. तिने विचारलं नाही. विचारून मामाजी परत येणार नव्हते, आणि नवराही गेला असता. तो तसाही गेलाच. त्या दिवसापासून तो घरात जेवायचा, झोपायचा, पण बोलायचा ते कामापुरतं.

एक आशा तिने तरीही धरली. बाळाचे चाळीस दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते. शीतकक्षातून पुन्हा कोणाला तरी काढणारच, मग आपलंच बाळ घरी आणता आलं तर? तिने बाजार पालथा घातला. वाळ्याची ताटी कोणाकडेच नव्हती. दुकानातल्या पोरांना तो शब्दही ठाऊक नव्हता. कचरा डेपोवर जाऊन आली, तिथे कोण काय शोधणार? शेवटी तिने प्लायवूड उखडलं, झोळीसाठी धुऊन ठेवलेलं जुनं लुगडं चौपदरी करून खिडकीला बांधलं, माठ भरला. सिस्टरने नियम मोडून तिला एक टिकली ठेवून दिली होती.

बारा वाजता ती खिडकीशी बसली. पाणी मारलं. गार झुळूक आली, आणि मोबाईलवर जागा लालची नारिंगी झाली, नारिंगीची पिवळी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वाळा पाणी धरून ठेवतो, लुगडं धरत नाही. चौथ्या मिनिटाला कापड वाळून खडखडीत. पुन्हा मारलं. पुन्हा चार मिनिटं. दोन वाजता तिचा दंड भरून आला, अडीचला तांब्या उचलवेना. पन्नाशीची धडधाकट बाई ती. आणि तो अर्ध्या अंगाचा माणूस तीन उन्हाळे हे रोज करत होता. स्वतःच्या जिवासाठी करत होता म्हणा, पण नेमानं करत होता, आणि त्या नेमात एक बाळ सहज मावलं असतं.

सात दिवस तिने पाणी मारलं. आठव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "पिवळं आहे काकू. चौतीस. एका अंशाने राहिलं."

"एका अंशाने काय होते?"

सिस्टरने टिकली काढून पर्समध्ये टाकली.

बाळ कोणी घरी पाठवलं नाही. चाळीस दिवस भरले, तसा शर्वरीचा फोन आला. जावई गाडी घेऊन आले होते. "आई, आम्ही इथूनच थेट पुण्याला जातो. घरी नाही येत." मग म्हणाली, "राग नको धरू. त्या खोलीत मला नाही यायचं."

"बारसं?"

"तिकडेच करू. साधंच."

"झोळीत नको घालू तिला," उज्ज्वला म्हणाली.

फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने बारा वाजले. पंखा थांबला. सवयीने तिने तांब्या भरला आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे पांढरी भिंत होती, वाळलेलं लुगडं होतं, पाणी मारायला कारण नव्हतं. ती परत फिरली. मधल्या खोलीत मामाजींची खाट अजून तशीच होती. हलवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तिने तांब्या खाटेशी खाली ठेवला, उशाच्या बाजूला. मग वाकून थोडा सरकवला, डाव्या हाताला लागेल असा.